तिसरा असेसर

टांग्याच्या पायरीवर पारिसानं एक पाय ठेवला होता आणि दुसरा उचलणार, तोच तो कुणीतरी धरला. आधी त्याला वाटलं, धोतराचा सोगा कशात तरी अडकला. खाली पाहिलं तर एक बाई कोर्टापुढच्या तांबड्या मातीत गुडघे टेकून बसली होती, आणि नाल मारताना बैलाचा पाय धरतात तसा तिनं त्याचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. टांगेवाला हसला. कोर्टातून बाहेर पडणारे दोनचार वकील थांबून बघू लागले. "अण्णा, तुमी सोडवलासा," ती म्हणत होती, "माज्या मालकास्नी तुमी सोडवलासा. देव हाईसा तुमी." पारिसा वाकून "अगं बाई, सोड, सोड" म्हणाला, पण त्याला तिच्या हाताला हात लावता येईना आणि पायही ओढून घेता येईना. निकाल उद्या आहे, अजून कुणी सुटलेलं नाही, हे तिला सांगायला हवं होतं. तो शब्द जुळवत राहिला. तेवढ्यात कोर्टाचा पट्टेवाला धावत आला, त्यानं बाईला दंडाला धरून बाजूला केलं, आणि टांगा हलला. पारिसानं मागं वळून पाहिलं. ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि हात जोडून हसत होती.

टांग्यात त्याच्याशेजारी मारुतीराव होते. हे बेळगावचेच, मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले, या खटल्यात पहिल्या क्रमांकाचे असेसर, म्हणजे निकालाआधी जज्जाला आपलं मत सांगायला बोलावलेले नागरिक. पारिसा तिसरा. दुसरा असेसर शहापूरचा एक सराफ होता, तो चालतच निघून गेला होता. "पहिल्यांदाच आलात वाटतं?" मारुतीरावांनी विचारलं. पारिसा व्हय म्हणाला. निपाणीत त्याची तंबाखूची वखार होती, तो सरकारला कर भरत होता, त्याला लिहितावाचता येत होतं. एवढ्यावर त्याचं नाव यादीत चढलं होतं आणि समन्स आलं होतं. "तिला काही बोलला नाहीत ना? बरं केलंत," मारुतीराव म्हणाले. "अहो, आपण असेसर. ज्यूरी वेगळी. ज्यूरीचं जज्जाला मानावं लागतं, नाहीतर मुंबईला लिहून कारणं द्यावी लागतात. आपलं फक्त विचारावं लागतं. विचारलं नाही तर खटला रद्द होतो. विचारून ऐकलं नाही तर काही होत नाही." पारिसानं विचारलं, "मग बोलवत्यात कशाला?" मारुतीरावांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "कायद्यात आहे म्हणून," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, जरा खाजगी आवाजात, "पण तुम्हाला त्या माणसात काय दिसलं? आम्ही दोघं सरळ दोषी म्हणालो." टांगा कॅम्पाच्या झाडांखालून चालला होता. सावली आणि ऊन, सावली आणि ऊन असं मारुतीरावांच्या चेहऱ्यावरून सरकत होतं.

खरं म्हणजे तो शब्द आपणच बोललो याची त्याला अजून खात्री पटत नव्हती. जैन बोर्डिंगच्या ओसरीवर दिवस मावळायच्या आत जेवून तो खांबाला टेकून बसला, तेव्हा तोंडात भाकरीची नाही, त्या शब्दाची चव होती. कोर्टाचा उंच, लांबच लांब हॉल, वर पंखा, भिंतीवर दाढीवाल्या बादशहाची तसबीर. जज्जसाहेब इंग्रजीत काहीतरी बोलले आणि शिरस्तेदारानं मराठीत विचारलं, "आरोपी भरमू यानं आपला चुलतभाऊ परशराम याचा खून केला, याबद्दल आपलं मत काय?" मारुतीराव म्हणाले, दोषी. सराफ म्हणाला, दोषी. पारिसालाही तेच म्हणायचं होतं. निदान दुसरं काही म्हणायचं त्यानं ठरवलं नव्हतं. मग त्याच्या कानांवर "निर्दोष" असा शब्द पडला, अगदी हलका, घसा बसलेल्या माणसाचा. शिरस्तेदारानं मान वर करून पुन्हा विचारलं, आणि त्यानं पुन्हा तोच शब्द उच्चारला. जज्जसाहेबांनी लिहून घेतलं. टाक कागदावर घासल्याचा आवाज तेवढा झाला.

साक्षी तर त्यानं नीट ऐकल्या होत्या. कोगनोळीच्या रानात परशराम विहिरीजवळ मरून पडलेला सापडला, मानेवर कुऱ्हाडीचा घाव. पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वर्षभर वाजत होतं हे साऱ्या गावानं सांगितलं. पहाटे विहिरीकडून घोंगडं पांघरलेला माणूस येताना शामू नावाच्या गुराख्यानं पाहिला, तो भरमूच असं तो म्हणाला, मग वकिलानं खोदून विचारल्यावर भरमूसारखा म्हणाला. त्याच दिवशी भरमू कागल हद्दीत बहिणीकडं गेला. गावच्या शिवेपलीकडं कोल्हापूर संस्थान, तिथं इंग्रजी फौजदाराचं चालत नाही, म्हणून पळाला, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. दर बाजाराला तो बहिणीकडं जातोच, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. दरबाराची परवानगी येऊन त्याला या बाजूला आणेपर्यंत बरेच दिवस गेले. मग भरमूच्या कडब्याच्या गंजीत कुऱ्हाड सापडली, मग चिकोडीच्या मॅजिस्ट्रेटपुढं कबुलीजबाब झाला. तो जबाब शिरस्तेदारानं वाचून दाखवला, तेव्हा पारिसा चमकला होता. "रागाचे भरात माझे हातून सदरहू कृत्य घडले." पिंजऱ्यातला माणूस तर नाव विचारल्यावर "भरमू म्हणत्यात जी" एवढंच म्हणाला होता. पण सगळ्यांचेच जबाब असे लिहितात. पारिसाच्या वखारीत एकदा चोरी झाली तेव्हा त्याचा स्वतःचा जबाबही असाच लिहिला होता, आणि तो खरा होता. कबुली मारून घेतली, असं भरमूनं नंतर सांगितलं. पाठीवर वळ नव्हते. इतक्या दिवसांनी असणारही नव्हते. एकेक गोष्ट हातात घेऊन पाहिली की ती दोन्हीकडं वळायची. फक्त बायकोची साक्ष तशी नव्हती. मनुबाई, आज पाय धरणारी तीच, पिंजऱ्याचा कठडा धरून म्हणाली होती, की पोरीला ताप होता, पहाटेपतोर मालक तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलं व्हतं, पट्टी माज्या धडुत्याची फाडली व्हती. धडुतं म्हणताना ती लाजली होती. एवढ्या माणसांत आपल्या जुन्या लुगड्याचा विषय निघाला म्हणून लाजली होती. खोटं सांगणाऱ्या बाईला अशी लाज वाटेल का, असं पारिसाच्या मनात आलं होतं. त्या लाजण्यातून आपला शब्द आला असेल का? की आणखी कुठून?

त्याला वडील आठवले. तो लहान असताना वखारीत तंबाखूच्या बोदांमागं, त्या मोठ्या गाठोड्यांमागं, नाग निघाला होता. गडी काठ्या घेऊन उभे राहिले आणि वडिलांकडं पाहू लागले. "मालक, मारू काय?" वडील पाण्यात किडा दिसला तर तांब्या बाहेर नेऊन हळूच ओतणारे. त्यांनी पायांत वहाणा घातल्या आणि बस्तीकडं, जैन देवळात, दर्शनाला निघून गेले. ते परत आले तेव्हा जमीन सारवलेली होती. त्यांनी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पारिसाला त्या वेळी वडिलांचा राग आला होता, पण राग नेमका कशाचा हे कळलं नव्हतं. हो म्हणाले नाहीत याचा, की नाही म्हणाले नाहीत याचा. आज कोर्टात आपल्याला वहाणा घालून उठून जाता आलं नाही, एवढंच झालं काय? जीव घ्यायचा प्रश्न आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्त आपल्या तोंडून बोललं? मग ते मत कसं? ती तर सवय. ओसरीवरून त्याला बोर्डिंगची मुलं पाठ म्हणताना ऐकू येत होती. उद्या जज्जसाहेबांनी ऐकलं तर? हा विचार आला तेव्हा त्याला आनंद होण्याऐवजी भीती वाटली, आणि ऐकणार नाहीत हे आठवल्यावर जरा हलकं वाटलं. त्या हलकेपणाची त्याला लगेच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी असेसरांचं काम उरलं नव्हतं, तरी तो कोर्टात गेला. निकाल इंग्रजीत होता. शेवटी शिरस्तेदारानं मराठीत सांगितलं, "मरेपर्यंत फाशी. मुंबईच्या हायकोर्टानं कायम केल्यावर." भरमूनं सवयीनं हात जोडले. पोलिसांनी त्याला वळवलं, तेव्हा कुठल्या बाजूला वळायचं हे न कळून तो आधी उलटाच वळला. मनुबाई भिंतीपाशी बसली होती. ती जज्जाकडं पाहत नव्हती, भरमूकडंही पाहत नव्हती. ती पारिसाकडं पाहत होती, दुकानदाराच्या हातून माप चुकलंय आणि तो आता दुरुस्त करणार आहे, अशा नजरेनं. बाहेर व्हरांड्यात भरमूचा वकील भेटला. सरकारनं गरीब आरोपीला दिलेला तरुण वकील होता तो, थकलेला. त्यानं सांगितलं की निकालात पारिसाबद्दल एक वाक्य आहे. तिसरे असेसर ज्या धर्माचे आहेत त्या धर्मात कुठल्याही जीवाच्या हत्येचा तिटकारा आहे, त्यामुळं त्यांच्या मताला फारसं वजन देता येत नाही. "म्हंजे मी पुरावा बघितलाच न्हाय?" पारिसानं विचारलं. वकील म्हणाला, "तसं लिहिलेलं नाही." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या खटल्याला गेला.

सर्व्हिस मोटारीतून निपाणीला येईपर्यंत ते वाक्य त्याच्या अंगावर घामासारखं चिकटून राहिलं. कुणा परक्या माणसानं आपल्या मनात हात घालून, जे आपल्याला रात्रभर सापडलं नाही ते सहज काढून बाहेर ठेवावं, तसं झालं. त्याला ते खोटं म्हणता येत नव्हतं. खरं म्हणवत नव्हतं. घरी ब्राह्मीनं, त्याच्या बायकोनं, पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "सुटला काय तो?" त्यानं नकारार्थी मान हलवली. "तुम्ही काय म्हणालासा?" त्यानं सांगितलं. ती उंबऱ्यात टेकली. "मग तुम्हास्नी काय वाटतंय? त्यानं केलं की न्हाय?" हा प्रश्न कोर्टात कुणी असा विचारला नव्हता. तिथं मत विचारलं होतं. "मला म्हाईत न्हाय गं," तो म्हणाला. ब्राह्मी उठली. "म्हाईत न्हाय, तर न्हायच म्हणायला पायजे की," ती म्हणाली आणि आत गेली. त्याला क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, हीसुद्धा त्याच धर्मातली.

काही दिवसांनी मनुबाई वखारीत आली. बरोबर तिचा भाऊ नागोजी होता, पटका हातात घेऊन दारातच उभा. तंबाखूच्या काड्या काढणाऱ्या बायकांचे हात थांबले. मनुबाई पारिसासमोर खाली बसली. रडली नाही. तिला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती तिनं वाटेत पुष्कळ वेळा घोळवलेली दिसत होती. "अण्णा, जज्जाला तुमचं ऐकू गेलं न्हाय का? तुमी लई हळू बोल्लासा." पारिसा म्हणाला, "ऐकू गेलं, मनुबाई. लिवून घेतलं." "मग?" त्यानं तिला मारुतीरावांनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. आपलं फक्त विचारायचं असतं. मानायचं की नाही ते त्यांचं. ती लक्ष देऊन ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली, "पर तुमी पुना एकदा जाऊन मोठ्यानं सांगितलासा तर?" मागं बसलेल्या बायकांतून कुणीतरी तोंडात पदर घालून हसू दाबल्याचा आवाज आला. पारिसाला वाटलं, ही म्हणते ते खरंही असेल. आपण घसा बसल्यासारखं का बोललो? मारुतीराव कसे खणखणीत बोलले. आपणच आपल्या शब्दाला वजन दिलं नाही, ते जज्जानं कुठून द्यावं?

म्हणून तो हिंडला. वकिलाकडं गेला. वकील म्हणाला, फाशीचा कागद आपोआप मुंबईला जातो, अपीलही केलं आहे, तिथले दोन जज्ज पाहतील. ते आपल्याला बोलवतील काय, असं पारिसानं विचारलं. वकील हसला नाही, हे त्याचे उपकार. मुंबईचे जज्ज माणसं बघत नाहीत, कागद बघतात. मग तो कोगनोळीच्या पोलीस पाटलाला भेटला. पाटील म्हणाला, मी वर्दी दिली, पंचनामा केला, माझं काम तिथं संपलं, पुढचं फौजदाराला इचारा. फौजदार भला माणूस निघाला, त्यानं खुर्ची दिली. "आम्ही पुरावा गोळा करतो शेटजी, निकाल आमच्या हातात नसतो," तो म्हणाला. मॅजिस्ट्रेटची चिकोडीहून बदली झाली होती. प्रत्येक जण आपल्या हद्दीपर्यंत नीट चालत आला होता आणि तिथं भरमूला दुसऱ्याच्या हाती देऊन परत गेला होता. कुणी चुकलं होतं असं पारिसाला दाखवता आलं नसतं. रागावावं असा एक माणूस मिळाला असता तरी चाललं असतं. पावसाळा लागला तेव्हा मुंबईहून आलं, शिक्षा कायम. आता उरला गव्हर्नरसाहेबांकडं दयेचा अर्ज. वकील म्हणाला, असेसरानं स्वतः वेगळं निवेदन जोडलं तर बघू या. पारिसा त्यासाठी मनुबाईला घेऊन बेळगावला निघाला.

सर्व्हिस मोटारीत गर्दी नव्हती. संकेश्वर मागं पडलं. मनुबाई बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती, बाहेर पाहत. मग तिनं एकदम, बाहेरच पाहत, म्हटलं, "अण्णा, त्या रातीला पोरीला पट्ट्या मीच ठेवत हुते." पारिसाला आधी कळलं नाही. "मालक जाग्यावर न्हवते. मला जाग आली तवा हातरूण गार हुतं. उजाडल्यावर आले, पाय धुतले, आन भाकरी मागितली." मोटार हेलकावे खात होती. "कुटं गेलतासा म्हणून इचारलं न्हाय?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "न्हाय. रानात जात्यात की मानसं. मग दुपारी परशरामदाजींचं कळलं. मग कसं इचारायचं? इचारलं आन त्येनी सांगितलं तर?" ती त्याच्याकडं वळली. "वकील म्हणाला घरात हुते म्हण, मी म्हणाले. तुमास्नी तेवढं ठावं असावं म्हणून सांगितलं. तुमी आमचं एवढं करतासा." तिच्या बोलण्यात कपट नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. पारिसा खिडकीच्या दांडीला धरून बसला. ते लाजणं आठवलं. तेवढं तरी खरं होतं, धडुतं तिचंच होतं. त्याला तिचा राग यायला हवा होता, आणि तो त्याची वाट पाहत बसलाही, पण आला नाही. मग ब्राह्मीचं बोलणं आठवलं, म्हाईत न्हाय तर न्हायच म्हणायला पायजे. आजही माहीत नव्हतंच. रानात माणसं जातात. गार अंथरुणावरून कुणाला फासावर द्यावं? पण हे म्हणणारा कोण होता, पुरावा पाहणारा पारिसा, की वहाणा घालून निघून जाणाऱ्या बापाचा मुलगा? बेळगाव येईपर्यंत त्याला ते दोघं वेगळे करता आले नाहीत.

वकिलानं निवेदन तयार ठेवलं होतं. त्यात होतं, "साक्षीपुराव्याचा पूर्ण विचार करता माझं मत आजही पूर्ववत आहे." पारिसानं वाचलं. मनुबाई दाराशी उभी होती. त्यानं सही केली, ठळक, मोठ्या अक्षरांत.

श्रावण संपता संपता अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं. हिंडलग्याच्या तुरुंगात नातेवाइकांना शेवटचं भेटायला बोलावलं, तेव्हा नागोजीनं पारिसालाही बरोबर यायची गळ घातली. "आमास्नी सायबाशी बोलाय येत न्हाय, अण्णा. तुमी असलासा म्हंजे बरं." तुरुंगाच्या फाटकाशी जमादारानं नावं विचारली. बायको, आत जा. मेव्हणा, जा. "तुम्ही कोण लागता?" पारिसा म्हणाला, "मी असेसर हुतो." जमादारानं हा शब्द नीट ऐकला, विचार केला आणि म्हणाला, "मग तुमचं काम तर झालं की." तो हे टोचून बोलला नव्हता. पारिसा समोरच्या वडाखाली थांबला. भुरभुर पाऊस होता. आत जाता आलं असतं तर आपण भरमूला विचारलं असतं का, याचा तो विचार करत राहिला. मागच्या कित्येक दिवसांत त्याला ही एकच गोष्ट हवी होती, त्या माणसासमोर उभं राहावं आणि विचारावं. आणि आता जमादारानं अडवलं म्हणून त्याला पुन्हा तसंच हलकं वाटत होतं.

दोघं बाहेर आले. नागोजी फाटकाबाहेरच बसला आणि पटक्यात तोंड घालून रडू लागला. मनुबाई चालत वडाखाली आली. तिचा चेहरा कोरडा होता. "काय बोल्ला?" पारिसानं विचारलं. "पोरीचं इचारलं. म्हशीचं इचारलं. पाण्याची पाळी आता कोण बघतंय म्हणाले." ती थांबली. "मी न्हाय इचारलं, अण्णा. तोंडात आलतं. न्हाय इचारलं." मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "तुमचं सांगितलं. तीन मानसं बसली हुती न्हवं, त्यांतलं एक जण, निपाणीचं अण्णा, तुमी केलं न्हाय म्हणालं, म्हणून सांगितलं. त्येस्नी ठावंच न्हवतं. त्या दिशी कोर्टात कोण काय म्हणालं त्येस्नी काय सुद्द न्हवती." पारिसा एक पाऊल पुढं आला. "मग?" "मग तसंच बसले. गजाला धरून. शिपाई म्हणाला, झालं, उठा. तवा म्हणाले, 'त्याला कसं कळलं?'"

पावसाचा जोर वाढला. मनुबाई त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

"कसं म्हणाला?" पारिसानं विचारलं. "मनुबाई, नीट सांग. कसं म्हणाला? लोकास्नी कळलं न्हाय ते ह्यालाच कसं कळलं, असं? का, ह्याला काय कळतंय, असं?"

तिनं ते बोलणं मनातल्या मनात पुन्हा ऐकून पाहिलं. तिचे ओठ हलले. मग तिनं नकारार्थी मान हलवली.

"तसंच म्हणाले," ती म्हणाली. "त्याला कसं कळलं."